पंधरा मिनिटं पुढे

आमच्या गल्लीत कुणाला वेळ विचारली की उत्तर दोन हप्त्यांत यायचं. "घडीत सव्वापाच, म्हंजे पाच." शेजारच्या मावशींचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, कोपऱ्यावरच्या मास्तरांचं पाच मिनिटं, आणि आमचं पंधरा. घड्याळ पुढे लावून ठेवायचं आणि बघताना तेवढं मनातल्या मनात वजा करायचं, ही रीत कुणी सुरू केली देव जाणे. वजाच करायचं तर पुढे लावायचं कशाला, असं बाहेरचा माणूस विचारेल. आम्हाला असले प्रश्न पडत नसत. प्रत्येक घराचं 'पुढे' सगळ्या गल्लीला पाठ होतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

बाबा हातमागावर लुगडी विणायचे. आठवड्याचा माल गांधीबागेतल्या एका व्यापाऱ्याकडे पोचवायचा आणि तो चारच्या ठोक्याला माल घेणं बंद करायचा. एकदा बाबा चार मिनिटं उशिरा पोचले आणि गठ्ठा डोक्यावर तसाच घेऊन परत आले. त्या दिवशी त्यांनी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावलं, ते कायमचं. मी तेव्हा पाळण्यात होते, म्हणजे मला कळायला लागल्यापासून आमच्या घरात पंधराची वजाबाकी चालूच होती. बाबांना ती करावी लागत नसे, ती आपोआप व्हायची.

बाबांच्या मनगटावरचं ते घड्याळ मात्र नामी होतं. सरकारी कारखान्यातलं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं, स्टीलचं. नंबर लावून, कित्येक महिने वाट बघून मिळालेलं. मागाच्या खड्ड्यातली ओल, सुताची धूळ, खळीचे हात, सगळं त्यानं सोसलं. कधी बंद पडलं नाही. महागातली विलायती घड्याळं असलेले लोक दर सहा महिन्यांनी घड्याळजीकडे खेटे घालायचे आणि बाबा त्यांच्याकडे दयेनं बघायचे. बाबांना देवाचं फारसं वेड नव्हतं. भरवसा म्हणून त्यांचा कशावर होता तर त्या घड्याळावर.

ऐंशी साल उलटून गेल्यावर मामानं मला मुंबईहून डिजिटल घड्याळ आणलं. काळा प्लास्टिकचा पट्टा, राखाडी काच, त्यात आकडे, आणि दोन आकड्यांच्या मधले ते ठिपके दर सेकंदाला उघडझाप करणारे. अशी घड्याळं तेव्हा सीताबर्डीच्या फूटपाथवरही लोक चादर अंथरून विकत. स्वस्तातला माल, पण वेळ अशी दाखवायचा की रेडिओनं मान खाली घालावी. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते, आणि त्या घड्याळानं मला चांगलंच चढवलं. कुणी "सव्वाचार" म्हणालं की मी "चार वाजून सोळा" म्हणायची. आई म्हणायची, "इले घडी नाही, मास्तरीण बांधून देल्ली भावानं." घरातल्या इतरांचा अडाणीपणा दुरुस्त करायची खुमखुमी त्या वयात असतेच. माझ्यात ती जरा जास्तच होती, आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी शहरात कर्फ्यू लागला. कशावरून लागला ते इथे उगाळत बसत नाही. आमच्या गल्लीत काही झालं नव्हतं, पण आजूबाजूला झालं होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी पोलीस बसले होते. पहिल्या दिवशी आम्हाला सुट्टीसारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी आईनं बाबांना माग चालवू दिला नाही, खटखट बाहेर जाते म्हणून. मागाचा आवाज बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या घरात दिवसा इतकी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. बाहेर बूट वाजले की आम्ही तिघंही बोलायचं थांबत होतो, आणि ते पुढे गेले की कुणी काही म्हणत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते निव्वळ कंटाळ्यापोटी केलं. आठच्या बातम्यांआधी रेडिओवर वेळेचे ठोके वाजतात, त्यांवर मी माझं घड्याळ जुळवलं. ते जुळलेलंच होतं, तरी जुळवलं. बाबा मोरीत आंघोळ करत होते आणि त्यांचं घड्याळ कोनाड्यात पडलं होतं, नेहमीसारखं पंधरा मिनिटं पुढे. मला तो कोनाड्यातला खोटेपणा बघवेना. इतकं चांगलं घड्याळ आणि त्याच्या तोंडून रोज खोटं वदवायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मी चावी बाहेर ओढली, काटे मागे आणले आणि माझ्या घड्याळावर बरोबर मिनिट साधून ती आत दाबली. दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून पाच मिनिटं बघत बसले. एका सेकंदाचाही फरक पडेना. मला फार आनंद झाला.

बाबा बाहेर आले की सांगणार होते. तेवढ्यात आईला ढास लागली. तिला दमा होता, आणि घर बंद, खिडक्या बंद, चुलीचा धूर आत, अशानं तो तीन दिवसांत वाढला होता. गोळ्या दोनच उरल्या होत्या. तिला बसतं करून पाठ चोळता चोळता घड्याळाचं माझ्या डोक्यातून पार निघून गेलं.

दुपारी पोलिसांची जीप भोंग्यावरून सांगत गेली की चार ते सहा कर्फ्यूत ढील आहे. सहानंतर जो रस्त्यावर दिसेल त्याची खैर नाही, हेही सांगितलं. आमच्या जवळचं औषधाचं दुकान पहिल्याच दिवशी फुटलं होतं, म्हणून बाबा गांधीबागेतल्या दुकानात जायला निघाले. पायी पंचवीस मिनिटं. सायकल नेली तर हिसकावतात असं मास्तर सांगून गेले होते.

"नोका जाऊ," आई म्हणाली. "दोन गोळ्यांत दोन दिवस निघतात माहे."

"आन् तिसऱ्या दिवशी?" बाबांनी कोनाड्यातलं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. "लाइन असन दुकानावर, मले मालूम आहे. पण घडीत पावणेसहा झाले का गोळ्या भेटो का नोको, मी तिथून निघतोच. सहाच्या आंदर घरी."

"खर्र्याच्या ठेल्यावर उभे नोका राहू फक्त."

"नाही वं," बाबा म्हणाले, आणि हसले. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटलेला चुरा, हा त्या दोघांचा जुना तंटा होता.

ते गेले. मी आईला चहा करून दिला, शेजारच्या मावशी पीठ मागायला आल्या त्यांना पीठ दिलं, आणि मग मनगटावरच्या आकड्यांकडे बघितलं. पाच वाजून आठ मिनिटं. कोनाडा रिकामा होता. आणि तेव्हा बाबांचं बोलणं मला पुन्हा ऐकू आलं. घडीत पावणेसहा.

घडीत पावणेसहा म्हणजे बाबांच्या हिशेबी साडेपाच. साडेपाचला निघून पाच मिनिटं राखून घरी. पण आज त्या घड्याळात पावणेसहा होतील तेव्हा खरेच पावणेसहा वाजलेले असतील, आणि बाबा वीस वर्षांच्या सवयीनं त्यातून पंधरा वजा करून निवांत उभे असतील. पावणेसहाला निघालेला माणूस सहा दहाला पोचतो. मी हा हिशेब तीनदा केला आणि तिन्ही वेळा तोच आला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. पाच वाजून आठ मिनिटांना अजून वेळ होता. मी धावत गेले असते तर साडेपाचच्या सुमाराला त्या दुकानाशी पोचले असते. मास्तरांना सांगितलं असतं तर मास्तर गेले असते. फक्त तोंड उघडायचं होतं. मी आईला म्हटलं, "मी बाबाले पाहून येऊ का?"

"काहून?"

"उगाच. लाइनीत माझा बी नंबर लावता येईन."

"तू कुठं बी जात नाही. एक गेला तेवढा बस झाला. येतीन थे, त्याइले घडी आहे."

आई असं म्हणाली आणि मी गप्प बसले. एकच वाक्य बोलायचं होतं, की घडीला मी हात लावला. आई संतापली असती, दम्याच्या त्या अवस्थेतही दोन शब्द सुनावले असते, आणि मग लगेच कुणाला तरी धाडलं असतं. मला त्या दोन शब्दांची भीती वाटली. बाबांच्या जिवाची भीती एवढी मोठी होती की ती मला नीट दिसत नव्हती, आणि बोलणी खाण्याची भीती अगदी समोर, आईच्या तोंडावर दिसत होती. मी लहान भीतीला घाबरले. आपणच आपली समजूत घातली की बाबा कुणाच्या तरी घड्याळाकडे बघतील, दुकानं बंद होताना दिसतील, कुणी ओळखीचा भेटून हटकेल. अशी समजूत घालताना मी दर मिनिटाला मनगट बघत होते. ते ठिपके उघडझाप करत होते आणि मला त्यांचा तिटकारा आला होता.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. गल्लीत लोक परतू लागले. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाकडे घासलेटचा डबा, सगळे भराभरा चालणारे. मी दाराच्या फटीतून एकेक धोतर, एकेक पायजमा बघत होते. सहाला दहा कमी असताना मास्तर आले आणि कडी लावल्याचा आवाज आला. मग मावशींच्या घरची कडी. मग एकामागून एक सगळ्या गल्लीच्या कड्या. आमचीच उरली.

"लावू?" मी विचारलं.

कडी लावावी तर बाबा आले की उघडायला वेळ जाणार, आणि उघडी ठेवावी तर दार ढकलून कोण आत येईल सांगता येत नाही. शेवटी मी कडी अर्धी सरकवली आणि हात तिच्यावरच ठेवून उभी राहिले. सहा वाजले. आईचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता, आणि त्या आवाजामुळे बाहेरचं काही नीट ऐकू येत नव्हतं. मला तिच्या श्वासाचा राग आला. स्वतःच्या आईच्या धापेचा राग यावा इतकी मी भेदरले होते.

सहा दहा झाले, वीस झाले. दूर कुणीतरी पळाल्याचा आवाज आला, मागून बुटांचा, आणि एक ओरडणं. ते बाबांचं नव्हतं. असावं असं वाटलं, नसावं असं वाटलं. मी देवाला म्हटलं की ते परत आले तर मी सगळं सांगेन. त्या क्षणी मी ते अगदी खरं म्हटलं होतं.

सहा चाळीसला दारावर काहीतरी धडकलं. बाबा खांद्यानं दार लोटत होते, कारण उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरून पोटाशी आवळला होता. आत आले, मागाच्या कडेला बसले, आणि आधी म्हणाले, "वरच्या खिशातून गोळ्या काढ." मी काढल्या. पुडी चुरगळलीसुद्धा नव्हती. मग त्यांनी हात सोडला. उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजून काळीनिळी झाली होती आणि नको त्या बाजूला वळली होती.

काय झालं ते त्यांनी हळूहळू सांगितलं. दुकानं भराभरा बंद होत होती, पण त्यांना वाटलं, लोक भ्यालेत म्हणून घाई करतात. "माह्या घडीवर माहा भरोसा," ते म्हणाले. वाट बरीचशी सरल्यावर, चौकात, एका पोलिसानं अडवलं. सहा वाजून गेले, कुठे फिरतोस, म्हणाला. बाबा घाबरले नाहीत. त्यांनी डावं मनगट पुढे केलं, उजव्या हाताची बोटं काचेवर ठेवली आणि सांगितलं, साहेब, अजून सहा वाजायचे आहेत, पाहा. पोलिसानं पाहिलं. घड्याळात सहा वाजून सात मिनिटं झाली होती. बाबा समजावू लागले की ही पंधरा मिनिटं पुढे आहे, यातून पंधरा काढा. पोलीस बाहेरच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेला. त्याला वाटलं, हा माणूस भर कर्फ्यूत आपली थट्टा करतो आहे. काठी काचेवर ठेवलेल्या बोटांवर बसली. पुढचा रस्ता बाबा घरांच्या आडून, थांबत थांबत आले.

"घडीले काही नाही झालं," बाबा म्हणाले. मग मनगट डोळ्यांजवळ नेऊन काच बघितली. "पण मांगं पडली. पंधरा मिनिटं मांगं पडली. इतक्या वर्सांत पयल्यांदा दगा देल्ला तिनं." त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं, पट्टा सोडायला, कारण त्यांना सोडता येत नव्हता. मी सोडला. देवाला दिलेला शब्द माझ्या जिभेवर होता, आणि तो मी गिळला.

कर्फ्यू उठायला आणखी चार दिवस लागले. हाडवैद्यानं बोटं बसवली, पण ती पुढे वाकली नाहीत. विणकराला ही दोन बोटं कशाला लागतात ते विणकरालाच माहीत. तुटलेलं सूत चिमटीत धरून गाठ मारायची ती याच बोटांच्या आधारानं. बाबा मागावर बसत, सूत तुटलं की थांबत, आणि आई उठून गाठ मारून देई. त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही. घड्याळाबद्दल मात्र दिवसातून चारदा बोलत. नंबर लावून घेतलेली वस्तू, अशी कशी बिघडली, म्हणत. मी जेवायची नाही, आईला वाटे कर्फ्यूचं भय बसलं आहे. तसं ते बसलंच होतं, फक्त कारण वेगळं होतं.

बाजार उघडल्यावर बाबा घड्याळ घेऊन गांधीबागेतल्या घड्याळजीकडे निघाले. गर्दीत हाताला धक्का लागू नये म्हणून मला बरोबर घेतलं. घड्याळजी म्हातारा, डोळ्याला भिंग लावून त्यानं मागचं झाकण उघडलं, खूप वेळ आत बघितलं, फुंकर मारली, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.

"काही नाही हिले. एकदम बरोबर चालून राहिली."

"त्या दिवशी पंधरा मिनिटं मांगं पडली होती," बाबा म्हणाले.

"मांगं पडनारी घडी रोज पडते, दादा. एकच दिवस पंधरा मिनिटं पडून पुन्हा बरोबर चालत नाही. कोणी तरी हात लावला असन."

"माह्या घरी माह्या घडीले कोणी हात लावत नाही," बाबा म्हणाले. ते चिडून बोलले नाहीत. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण बघायचं काही कारणच नव्हतं.

मला तिथे उभं राहवेना. "मी लावला," मी म्हटलं. "रेडिओवर बरोबर लावली. त्या दिवशी सकाळी. सांगायचं राहून गेलं." पाच वाजून आठ मिनिटांना काय झालं ते मात्र मी तेव्हाही सांगितलं नाही. ते आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

घड्याळजीनं भिंग डोळ्यावरून काढलं आणि दुसरीकडे बघू लागला. डाव्या हातानं बाबांनी घड्याळ उचललं, मनगटावर न बांधता सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि दुकानाबाहेर पडले. मी मागून चालले. आता ओरडतील, आता थांबून एक ठेवून देतील, अशी वाट बघत मी चालत होते, आणि त्यांनी तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते चालत राहिले, सुजका हात छातीशी धरून.

गांधीबाग ओलांडल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "किती वाजले?"

माझा जीव भांड्यात पडला. बोलले तरी. मी घाईनं मनगट वर केलं आणि म्हटलं, "चार वाजून सतरा मिनिटं, बाबा. एकदम बरोबर."

त्यांनी मान हलवली. दहा पावलं चालले, आणि पानठेल्यावर थांबून त्यांनी अनोळखी पानवाल्याला विचारलं, "किती वाजले गा?"

"सव्वाचार होऊन राहिले," तो म्हणाला, आणि त्याचं ऐकून बाबा पुढे चालू लागले.